शस्त्रक्रियेनंतर घरापर्यंतची सोबत : सोलापुरातील एका शुश्रूषा केंद्राचा अनुभव

सकाळी दाखल करून घेऊन संध्याकाळी घरी सोडायच्या शस्त्रक्रिया आता सोलापुरात सर्रास होतात. मोतीबिंदू, मूळव्याध, हर्निया, गर्भाशयातील लहान गाठ अशा कामांसाठी पूर्वी दोन-चार दिवस खाट धरून ठेवावी लागत असे; आता दुपारचा चहा घरी घेता येतो. मात्र दाखल होताना खिडकीवरचा पहिला प्रश्न तोच असतो, "सोबत कोण आहे?" मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले असून विजापूर रोडच्या बाजूला एकटी राहते. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि अडीचशे किलोमीटरवरून तो दर वेळी रजा काढून येऊ शकत नाही. त्यामुळे या एप्रिलमध्ये माझ्यावर एक छोटी शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी शहरातील एका शुश्रूषा केंद्राकडून पैसे देऊन सोबत घेतली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि हे केंद्र मोजक्या स्त्रियांच्या कष्टांवर चालते. सेवा कोणतीही घेतली तरी ती कशी पारखावी हे मला सांगायचे आहे.

त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग आधी सांगितला पाहिजे. माझी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली होती आणि तिच्यात एक लहान पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब, काढला गेला. सोबत कोण आहे असे विचारल्यावर मी "भाचा खाली गाडी लावतोय" असे खोटे सांगितले. तासाभराने मला पूर्ण जाग आली आहे असे वाटले. डॉक्टर येऊन बोलले, मी मान डोलावली, एक-दोन प्रश्नही विचारले म्हणे, आणि रिक्षा करून निघाले. आसरा चौकाच्या अलीकडे मला उलटी झाली, मी रिक्षातून उतरले आणि एका औषधांच्या दुकानाच्या पायरीवर किती वेळ बसून राहिले ते आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्त पातळ ठेवणारी नेहमीची गोळी घेतली. चौथ्या दिवशी शौचाला रक्त दिसले. घाबरून गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ती गोळी पाच दिवस बंद ठेवा असं मी तुम्हाला समोर बसून सांगितलं होतं." त्यांनी सांगितले होते यात मला शंका नाही. माझ्या डोक्यात मात्र त्यातला एक शब्दही उरला नव्हता.

हे असे का होते ते मी नंतर भूलतज्ज्ञांकडून समजून घेतले. अशा तपासणीच्या वेळी मिडाझोलमसारखे औषध शिरेतून देतात. त्याने गुंगी येते, आणि त्याचबरोबर औषध दिल्यानंतरच्या काही काळातल्या गोष्टी स्मरणात साठतच नाहीत. प्रोपोफॉलने झोपवलेला माणूस औषध थांबवल्यावर काही मिनिटांत डोळे उघडतो, नाव-गाव विचारले तर बरोबर सांगतो, आणि म्हणूनच समोरच्यालाही तो पूर्ण शुद्धीवर आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात निर्णयशक्ती, तोल आणि स्मरण पूर्वपदावर यायला पुष्कळ वेळ लागतो. भूल दिलेल्या माणसाने चोवीस तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये आणि पहिली रात्र घरात एकटे राहू नये, असे सांगितले जाते ते याच कारणाने.

घरी सोडण्यापूर्वी अनेक ठिकाणी गुण मोजतात. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चंग यांनी तयार केलेली पद्धत यासाठी बरीच वापरली जाते : नाडी-रक्तदाब, चालणे, मळमळ, दुखणे आणि रक्तस्राव या पाच गोष्टींना प्रत्येकी दोन गुण, आणि दहापैकी नऊ किंवा अधिक मिळाले की रुग्ण घरी जाण्याजोगा. यात स्मरणशक्तीला गुण नाहीत. दहापैकी दहा गुण मिळवून घरी निघालेल्या रुग्णालासुद्धा दोन वर्षांपूर्वीच्या माझ्यासारखेच काहीही आठवत नसू शकते. म्हणून सोबतीचे पहिले काम गाडीत शेजारी बसणे हे नसून, रुग्णाच्या वतीने पूर्ण शुद्धीत राहून ऐकणे हे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. या केंद्राची सेवा मी याच कसोटीवर पाहिली.

या वेळची शस्त्रक्रिया गर्भाशयातील पॉलिप दुर्बिणीतून काढण्याची होती आणि थोड्या वेळासाठी पूर्ण भूल द्यायची होती. केंद्राला मी चार दिवस आधी फोन केला. पलीकडच्या बाईंनी पैशांची गोष्ट काढण्याआधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. भूल कोणती, पूर्ण की मणक्यातली? साखर, रक्तदाब, दमा आहे का? घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, झोपायची खोली आणि संडास यांत किती अंतर? घराची दुसरी किल्ली कोणाकडे? शेवटी त्यांनी विचारले, "बाई, सोबतीला बाईमाणूसच हवं ना?" रक्तस्राव किती होतो याकडे लक्ष ठेवायचे असल्याने मला ते हवेच होते, पण फोनवर सांगायला मी कचरत होते. मणक्यातल्या भुलीचा प्रश्नही योग्यच होता. त्या भुलीनंतर डोके जागेवर असते, परंतु पायांत जोर यायला वेळ लागतो आणि लघवी अडू शकते, म्हणजे सोबतीचे कामच बदलते.

सहीच्या बाबतीतही त्या स्पष्ट होत्या. आमची ताई "सोबत आलेली व्यक्ती" म्हणून नाव आणि फोन लिहील, नातेवाईक म्हणून सही करणार नाही आणि शस्त्रक्रियेला संमती देणार नाही, असे त्यांनी आधीच सांगितले. हे मला पटले. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच असावी लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात एक महिला भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन अधिकची शस्त्रक्रिया केली गेली होती, आणि न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. तरीही रुग्णालये नातेवाइकाची सही मागतात. मी आदल्या दिवशी जाऊन बोलून घेतले, भाच्याला फोनवर जोडून दिले, आणि ताईंचे नाव आधीच नोंदवून ठेवले. ऐनवेळी खिडकीवर वाद घालण्यापेक्षा हा एक हेलपाटा परवडला.

ठरलेल्या दिवशी सकाळी सातला ताई दारात हजर होत्या. चाळिशीच्या, मूळ अक्कलकोटकडच्या, मराठी बोलण्याला कानडी हेल. गळ्यात केंद्राचे ओळखपत्र होते आणि त्याचा फोटो आदल्या रात्रीच माझ्या फोनवर आला होता, त्यामुळे घराची किल्ली हातात देताना मनात धाकधूक राहिली नाही. घन आहार किमान सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद ठेवावे लागते. मी आदल्या रात्री नऊनंतर काही खाल्ले नव्हते. माझा नंबर साडेनऊचा होता आणि प्रत्यक्षात आत घेतले ते साडेअकराला, कारण आधीची शस्त्रक्रिया लांबली. एप्रिलमधले सोलापूर, पोटात काही नाही, आणि घसा कोरडा पडलेला. ताईंनी भूलतज्ज्ञांना विचारून घेतले, की वेळ पुढे गेली आहे तर दोन घोट पाणी चालेल का. तेव्हा चालले. मी स्वतः विचारले नसते.

जाग आल्यानंतरचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते, म्हणून पुढचा भाग ताईंच्या वहीवरून लिहीत आहे. शाळेतली मुले वापरतात तशी ती शंभर पानी वही होती. सिस्टर डिस्चार्ज कार्ड घेऊन आल्या आणि नेहमीच्या वेगाने सांगू लागल्या. ताईंनी ते एकेक ओळ लिहून घेतले आणि मग लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवले. कार्डावर दुखण्याची गोळी दिवसातून तीनदा असे होते. ताईंनी विचारले, "सिस्टर, आत दुखण्याचं इंजेक्शन दिलं असेल ना? ते किती वाजता दिलं?" सिस्टरनी फाइल उघडून पाहिली. बारा वाजून दहा मिनिटांनी पॅरासिटामॉल शिरेतून दिले होते, आणि कार्डावरच्या गोळीतही तेच औषध होते. घरी जाऊन दोन वाजता जेवणाबरोबर गोळी घेतली असती तर दोन मात्रांमध्ये दोन तासांचेसुद्धा अंतर राहिले नसते. सिस्टरनी कार्डावर पेनाने लिहून दिले : पहिली गोळी संध्याकाळी सहा वाजता. त्या वहीतली ही ओळ मी दुसऱ्या दिवशी वाचली आणि बराच वेळ वही हातात धरून बसले.

त्याच पानावर पुढे इतर गोष्टी होत्या. थोडा रक्तस्राव होईल. तासाला एक पॅड पूर्ण भिजतो असे सलग दोन तास झाले तर लगेच फोन करायचा. ताप १०० च्या वर गेला, पोट फुगून दुखू लागले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तरी फोन करायचा. फोन कोणता, तर दिवसा आणि रात्री वेगवेगळे क्रमांक होते, आणि ताईंनी रात्रीचा क्रमांक तिथेच लावून पाहिला. पलीकडून कोणीतरी उचलल्यावर "नंबर बरोबर आहे का बघत होते" एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण डिस्चार्ज कार्डावर छापलेला क्रमांक रात्री दोन वाजता पहिल्यांदा लावून पाहण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

निघण्याची घाई त्यांनी केली नाही. "बाई, आधी पाय खाली सोडून नुसतं बसा. उठायचं नाही अजून," असे म्हणून पाच मिनिटे बसवले, मग दोन मिनिटे उभे केले आणि त्यानंतरच चालवले. बऱ्याच वेळ उपाशी आणि आडवे राहिलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम उभे राहिल्यावर उतरतो आणि चक्कर येते, त्यासाठी हा उपाय. गाडी केंद्रानेच ठरवली होती. मी मागच्या आसनावर, ताई शेजारी, त्यांच्या मांडीवर उलटीसाठी पिशवी आणि ओला नॅपकिन. चालकाला प्रत्येक गतिरोधकाआधी त्या सांगत होत्या.

आपल्या शहरात शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची पद्धत अजून दिसते. रुग्णालयांच्या दारात मी हे अनेकदा पाहिले आहे. गुंगी उतरलेली नसताना मान एका बाजूला पडते, पुढचा माणूस रस्ता बघत असतो, मागचा एका हाताने पिशवी आणि एका हाताने रुग्ण धरून असतो. रिक्षाचे तीन-चारशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका कोणीही घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तसेच ॲपवरून मागवलेला किंवा ओळखीचा रिक्षावालाही सोबत ठरत नाही. तो कितीही सज्जन असला तरी त्याचे लक्ष रस्त्यावर असते आणि दारात सोडले की त्याचे काम संपते.

घरी आल्यावर ताईंनी पहिली गोष्ट केली ती न्हाणीघराची. आतली बादली कडेला, पाट उचलून बाहेर, फरशी कोरडी, आणि मला ताकीद, "आतून कडी लावायची नाही. मी दाराशी उभी आहे, बघणार नाही." एकट्या राहणाऱ्या बाईला कडी न लावता आत जाणे सोपे नसते, पण आत पडले तर दार कोण फोडणार, हा प्रश्न बरोबरच होता. पाणी चमच्याने, मग लिंबाचे सरबत, ते पोटात राहिले हे पाहून मऊ भात आणि वरण. शेजारच्या वहिनींनी प्रेमाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती. ती ताईंनी झाकून दुसऱ्या दिवसासाठी ठेवली. सहा वाजता गोळी दिली आणि वहीत वेळ लिहिली.

आणखी एक नियम मला फार आवडला. केंद्र त्या दिवशी पैसे घेत नाही. भूल दिलेल्या माणसाने चोवीस तास पैशांचे व्यवहार करू नयेत म्हणून बिल दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाठवले जाते. त्याच संध्याकाळी विम्याच्या नूतनीकरणाच्या कागदांवर सही घ्यायला एक प्रतिनिधी येणार होते. त्यांना ताईंनी दारातूनच दोन दिवसांनी यायला सांगितले.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर तक्रार रात्रपाळीची. रात्री आठला दुसऱ्या बाई येणार होत्या, त्या पन्नास मिनिटे उशिरा आल्या. दिवसाच्या ताई तोपर्यंत थांबल्या, त्याचे वेगळे पैसे त्यांना मिळाले नसावेत असे मला वाटते, आणि ते योग्य नाही. नव्या बाईंना वही दिली गेली, परंतु त्यांनी ती उघडली नाही. रात्री अकराला त्या दुखण्याची गोळी घेऊन आल्या तेव्हा सहाची गोळी झाली आहे आणि पुढची बाराला आहे, हे मला सांगावे लागले. सुदैवाने तोपर्यंत माझे डोके ताळ्यावर आले होते. एखाद्या वयस्कर किंवा अजून गुंगीत असलेल्या रुग्णाने ती गोळी मुकाट्याने घेतली असती. नंतर त्या बाई खुर्चीत गाढ झोपल्या. रात्रपाळीत झोप लागणे मी समजू शकते, पण रुग्ण उठल्यावर तिला कळेल असे काही, निदान उशाशी एक छोटी घंटा, केंद्राने द्यायला हवी. दिवसभर इतक्या काळजीने टिकवलेली साखळी पाळी बदलताना तुटली, आणि ज्या कसोटीवर दिवसाच्या सेवेला मी पूर्ण गुण दिले त्याच कसोटीवर रात्रीची सेवा कमी पडली.

दुसरी तक्रार पैशांची. दिवसाचे १,२०० रुपये, रात्रीचे ९०० आणि गाडीचे ३५० ठरले होते. बिलात थांबल्याचे ३०० वाढवले होते. शस्त्रक्रिया दोन तास उशिरा झाली हे खरे, आणि त्या दोन तासांचा मोबदला मिळायलाच हवा, परंतु थांबण्याचा दर फोनवर आधी सांगितला गेला नव्हता. एकूण २,७५० रुपये झाले. माझ्या निवृत्तिवेतनाला ही रक्कम लहान नाही, तरी मी ती समाधानाने दिली. छापील पावती मागितल्यावरच मिळाली.

ही सेवा महापालिकेच्या हद्दीपुरतीच आहे. मोहोळ, अक्कलकोट, बार्शी किंवा सीमेपलीकडे इंडीहून सोलापुरात शस्त्रक्रियेसाठी येणारे पुष्कळ असतात. त्यांनी त्याच संध्याकाळी इतक्या लांबचा प्रवास करण्यापेक्षा ती रात्र शहरात नातेवाइकांकडे काढावी असे मला वाटते. रात्री रक्तस्राव वाढला किंवा उलट्या थांबेनात तर परत यायला तासभर लागणे परवडत नाही. दम लागणे, शुद्ध हरपणे, रक्त न थांबणे अशा वेळी कोणत्याही केंद्राला फोन न करता १०८ लावावा. ताईंनीही वहीच्या पहिल्या पानावर तो मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी केंद्राकडे एक तेलुगू येणारी बाई आहे, हेही नोंदवते. भुलीतून बाहेर येताना म्हातारी माणसे घरच्या भाषेतच बोलतात आणि ते समजणारे कोणी जवळ लागते, असे ताईंचे म्हणणे.

ज्यांच्याकडे शेजारीपाजारी किंवा नात्यातले माणूस आहे त्यांनी पैसे खर्च करण्याची गरज नाही. सोलापुरात शेजारधर्म अजून जिवंत आहे आणि हाक मारली तर माणूस येतो. अडचण एवढीच, की शेजारी संकोचाने बाहेर बाकावर बसून राहतो आणि डॉक्टरांना उलट प्रश्न विचारत नाही. त्याच्या हातात आदल्या दिवशीच वही-पेन द्यावे, नेहमीच्या गोळ्यांची यादी पहिल्या पानावर लिहावी, आणि तीन प्रश्न त्याच्याकडून घोकून घ्यावेत : शेवटचे औषध किती वाजता दिले, नेहमीच्या गोळ्यांपैकी कोणती कधी सुरू करायची, आणि रात्री फोन कोणाला करायचा. पहिल्या वेळी यातला दुसरा प्रश्न माझ्या वतीने कोणी विचारला असता तर चौथ्या दिवशीचे ते रक्त मला पाहावे लागले नसते.

बिल देताना मी रात्रपाळीची तक्रार केंद्रात जाऊन सांगितली. पाळी बदलताना वही मोठ्याने वाचून देण्याची सूचना त्यांनी लिहून घेतली आहे. पुढच्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. तीही एकटीच राहते. तिच्यासाठी मी त्याच ताईंचा दिवस ठरवून ठेवला आहे. रात्रपाळी घेतलेली नाही. त्या रात्री मी तिच्याकडे राहणार आहे, आणि संध्याकाळी ताईंकडून वही वाचून घेणार आहे.